तीन चिलमींची ओलांडणी

आम्हाला मैल ठाऊक नव्हते.
तासभर वल्हवलं की सुकाणूवरून ओनेझिम ओरडायचा, "चिलीम!"
की आठही वल्ही आडवी.
सुपीरियर सरोवराचा हा काठ म्हणजे अकरा चिलमी.
तो काळा डोंगर जवळ दिसतो, पण चार पक्क्या,
वारा तोंडावर असला तर पाच.
सोयरीकसुद्धा याच मापानं:
"गास्पारच्या बहिणीचं घर? फार नाही, दीड चिलीम."

पहिल्या झुरक्याचं काय सांगू.
पाठ पेटलेली, तळहातांची सालपटं निघालेली,
पोटात मक्याची घट्ट पेज, तीही सकाळची.
चकमक झाडायची, एकानं शिलगावली की विस्तव हातोहात पुढं.
नखाएवढ्या जाडीची भूर्जाची साल,
तिच्याखाली शंभर वाव पाणी,
आणि वर आपण, धूर सोडत, जमीनदारासारखे.
पांढऱ्या मातीच्या त्या दांडीनं
माझ्या डाव्या दातांत गोल खाच पाडलीय.
तोंड मिटलं तरी चिलीम बसेल एवढी.
दाखवू?

मोठ्या ओलांडणीआधी
ओनेझिम एक चिमूट पाण्याला द्यायचा.
त्याच्या ओजिब्वे सासऱ्याची, वाबीगीझिकची, ती रीत.
म्हातारा सांगायचा, कुणाच्या दारात गेलो
की आधी हाक देतो ना आपण, तसं.
आम्ही ऐकलं, मान डोलावली,
आणि जकात समजून भरत राहिलो.
कंपनीचा कारकून मॅकफी वहीत लिहायचा:
"तंबाखू, चिमूटभर, पाण्यात. खर्च कुणाच्या नावे?"

एका शरदात पिशव्या तळाला गेल्या.
पुढच्या टोकाला मी होतो. ओनेझिमनं शेवटची चिमूट
माझ्या हातावर ठेवली, पाण्याला दे म्हणाला.
मी मूठ पाण्यावर नेली,
झटकली,
आणि मिटलेलीच परत आणली.
तीन चिलमींची ओलांडणी. पाणी तेलासारखं.
एक थेंब आत आला नाही.
रात्री खडकाआड बसून ओढली ती.
इतकी गोड मी पुन्हा कधी ओढली नाही,
खोटं का बोलू.

पुढच्या वर्षी भीतीनं मीच मूठभर दिली.
सगळ्यांनी दिली. नार्सिसनंसुद्धा,
सतरा वर्षांचं पोर, झुरक्यागणिक खोकणारं.
दुसऱ्या चिलमीपर्यंत ऊन होतं.
मग वायव्येकडून आलं ते.

काठाला लागलो तेव्हा आम्ही सात.
दोन दिवसांनी त्याची पिशवी सापडली वाळूत,
मूत्राशयाच्या कातड्याची, दोरीनं गच्च आवळलेली.
उघडली. आत तंबाखू
कोरडीठाक.

सातजणांनी वाटून ओढली.
कुणी काही बोललं नाही. ओनेझिमनं
शेवटचा झुरका घेतला नाही, एवढंच,
चिलीम तशीच विझू दिली.

आता सोरेलला असतो, लेकीकडे.
वैद्य म्हणतो, ओढा, ओल्या हवेत छाती शेकून निघते.
निघत असेल. चर्चपर्यंत पाव चिलीमही नाही,
पण वाटेत दोनदा कुंपणाला धरून उभा राहतो.
लेकीला सांगतो, बूट रुततात.

घरामागे नदी आहे. हे पाणी
त्या सरोवरातूनच येतं म्हणतात, महिनोन्‌महिने वाहत.
संध्याकाळी काठावर जातो,
एक चिमूट काढतो, बोटांत धरतो.
बाकी आहे माझ्याकडे, विसरलो नाही.
पण इथं टाकली तर खाली जाणार, समुद्राकडे,
वर तर जाणार नाही.

थोडा वेळ तसाच उभा राहतो.
मग चिलमीत भरतो.